सुपारीएवढं विरजण

माझं दही चांगलं असतं, असं त्या माणसाने मला एकदाही म्हटलं नाही. चाळीसेक वर्षं मी नगरात दही विकलं. कचेरीतले कारकून, शाळेतले मास्तर, गंजबाजारातले तोंडाळ अडते, सगळ्यांनी माझं दही नावाजलं. ज्याच्या तोंडून ऐकायचं होतं तो मात्र दर वेळी बोट बुडवायचा, जिभेला लावायचा आणि एकच शब्द बोलायचा, "आंबट." ही तक्रार जुनी आहे. तो माणूस जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. तरी मी ती सोडलेली नाही, आणि सोडायचा विचारही नाही.

मला भांडायला आवडतं असं लोक म्हणतात. ते खरं नाही. मला फसायला आवडत नाही, एवढंच. पाथर्डीकडून एक म्हैस हाकत चालत नगरला आलो तेव्हा माझं वय चोविशीचं असेल. बरोबर बायको, एक वळकटी आणि घासाघीस करणारी जीभ. या जिभेवर मी माळीवाड्यात राहायला खोली मिळवली, सावेडीच्या मळ्यातून रोजचं दूध बांधून मिळवलं (सावेडी तेव्हा वेगळं गाव होतं, नगरहून चालत जावं लागे), आणि एका खानावळीचा रस्त्याकडचा ओटा दही विकायला मिळवला. दूध चांगलं, ओटा मोक्याचा, दही मात्र भिकार. कधी लागायचं, कधी नाही. लागलं तर पाण्यावर तरंगायचं. शेजारची एक बाई म्हणाली, "कल्हईवाल्या चाचांकडून विरजण आण की. आख्खी गल्ली आणते."

चाचा म्हणजे साठी उलटलेला, काटकुळा, मेंदी लावलेल्या दाढीचा मुसलमान गृहस्थ. आयुष्यभर त्यांनी गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई केली. नवसागराच्या धुराने छाती धरली तेव्हा भाता खुंटीला टांगला आणि घरी बसले. बायको वारलेली, मुलगी बीडला दिलेली. घरी बसून हा माणूस एकच काम करायचा. रोज संध्याकाळी एक गाडगं दही लावायचा आणि सकाळी ते वाटून टाकायचा. दही खायला नाही, विरजण म्हणून. दिवेलागणीनंतर विरजण कुणी कुणाला देत नाही, त्यामुळे सगळी रांग सकाळची. नमाज झाला की चाचा दारात पाट टाकून बसत आणि ऊन तिसऱ्या पायरीवर आलं की उठत. मग कुणीही येवो, काहीही म्हणो.

पहिल्या दिवशी मी बायकांच्या मागे रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर विचारलं, "काय घ्याल?"

"भांडं घेईन," चाचा म्हणाले.

मला वाटलं म्हातारा भांडंच मागतोय. मी ते मागे घेतलं. रांगेतल्या बायका हसल्या. मग कळलं की भांडं बघायला मागतायत. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, उन्हाकडे धरून आत डोकावले, नाक घातलं. बाहेरून मी ते चिंचेने घासघासून सोन्यासारखं केलं होतं. त्या बाजूला त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"कुठला तू?"

"पाथर्डीकडचा."

"बरं, पाथर्डी. आत कल्हई हाय अजून. हे घे." चमच्याच्या टोकावर त्यांनी सुपारीएवढं दही घेतलं.

"एवढंच? मला धा शेर दूध लावायचं हाय. लिंबाएवढं तरी द्या."

"सुपारी."

"आवळ्याएवढं."

"सुपारी."

"मी काय फुकट न्हाई मागत. रोज एक गाडगं दही देतो तुमाला. पन मग विरजण मला एकट्यालाच द्यायचं, या सगळ्यांना न्हाई."

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग रांगेकडे बघितलं. "ऐकलंत का गं? उद्यापासून तुम्ही याच्या दारात जायचं." पुन्हा हशा. मग मला म्हणाले, "याच्याहून जास्त घातलंस तर दही आंबेल. कमी घातलंस तर लागणार नाही. मी काय तुझ्यापासून वाचवून ठेवतोय होय?"

आयुष्यात पहिल्यांदा मी सौद्यात हरलो, आणि समोरचा माणूस काही विकतही नव्हता.

निघताना त्यांनी अट सांगितली. ती ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. "कुणी विचारलं, विरजण कुणाचं, तर सांगायचं. नाही विचारलं तर नको सांगू. पण विचारलं तर सांगायचं." आणि स्वतः ते तसंच वागत. कुणी सहज जरी विचारलं तरी सुरू होत, "राहुरीच्या अलीकडे एक धनगरीण होती, तिचं हे. कल्हईला गेलो होतो तिच्या वाड्यावर. तिने नणंदेकडून आणलेलं. नणंदेने कुठून आणलं ते तिला माहीत नव्हतं, मग मला कुठून असणार?" गल्लीतल्या लोकांना ही धनगरीण इतकी पाठ झाली होती की विरजण विचारायची सोयच उरली नव्हती.

भांड्यांच्या बाबतीत तर ते वेडेच होते. कुणाच्या घरी जेवायला बोलावलं तर ताटावर बसण्याआधी पातेल्यात डोकावत. एका सावकाराने विरजण न्यायला गड्याच्या हाती चांदीची वाटी पाठवली. चाचांनी ती परत केली. "चांदी काही बोलत नाही रे बाबा. पितळेचं पाठव, म्हणजे तुमच्या घरात काय चाललंय ते कळेल." बाजारात ॲल्युमिनियमची भांडी आली होती. आमच्याकडे त्यांना जर्मनची भांडी म्हणत. ती तर त्यांना दृष्टीसमोर नको. "तिकडे सरकार जर्मनशी लढतंय, आणि तुम्ही त्याला चुलीवर बसवलाय!" एखाद्या बाईच्या भांड्याची कल्हई उडालेली दिसली की विरजण देत नसत. आधी भांडं कल्हई करून आण म्हणत. तिची ऐपत नसली तर पुटपुटत स्वतःच खुंटीवरचा भाता काढत, आणि मग दोन दिवस खोकत पडत.

दूध किती कोमट हवं ते त्यांनी मला शिकवलं. करंगळी दुधात बुडवायची आणि सावकाश सात वार म्हणायचे. ते आपल्या बोलीत म्हणत, "पीर, मंगळ, बुध, जुमेरात, जुमा, सनीचर, इतवार." जुम्याच्या आत बोट काढावंसं वाटलं तर दूध गरम. इतवार होऊन पुन्हा पीर आला आणि बोटाला काहीच वाटलं नाही तर दूध गार. इतवारला बोट सुखात असलं म्हणजे विरजण घालायचं. मी घरी सोमवार, मंगळवार म्हणून बघितलं. माझ्या सोमवारला वेळ जास्त लागायचा की काय कोण जाणे, दही पातळ झालं. मग मीही पीर, मंगळ म्हणू लागलो. माझी बायकोही म्हणू लागली.

दही असं लागू लागलं की गाडगं आडवं केलं तरी हलू नये. वर्षभरात तीस घरं माझ्याकडून रोज दही नेऊ लागली. त्यात सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे ज्यांचा ओटा होता त्या खानावळवाल्या काकू. विधवा बाई. परगावाहून शिकायला आलेली तीस-पस्तीस ब्राह्मणांची मुलं त्यांच्याकडे जेवायला. सोवळं कडक. शेतकऱ्याच्या हातचं दूध-दही त्यांना चालायचं, पण त्या पलीकडचं काही नाही.

एक दिवस काकूंनी ओट्यावर येऊन विचारलं, "दहीवाल्या, असं दही आमच्याकडे कधी लागलं नाही रे. विरजण कुणाचं?"

अट माझ्या कानात होती. पण समोर काकू होत्या, त्यांच्यामागे पस्तीस पोरं होती आणि माझ्या ढुंगणाखाली त्यांचा ओटा होता. मी म्हणालो, "आईचं हाय, काकू. पाथर्डीकडून आणलेलं."

खरी गोष्ट अशी की माझ्या आईच्या घरी दही कधी नव्हतंच. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणारी बाई ती. दुभतं जनावर तिने दुसऱ्याच्याच दावणीला बघितलं. मी म्हैस घेतली त्याच्या दोन वर्षं आधी ती गेली. पण खोटं बोलताना पहिलं नाव तिचंच आलं. पुढे काकूंनी ते ज्याला त्याला सांगितलं, आणि तीस घरांमध्ये माझी आई दह्यासाठी प्रसिद्ध झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटायचं.

चाचांना हे कळलं ते काकूंच्याच परसात. दर दिवाळीआधी खानावळीची भांडी कल्हई करायला काकू त्यांनाच बोलावत. ते काम त्यांनी छाती धरल्यावरही सोडलं नव्हतं. भांडं विस्तवातून गेलं की शुद्ध, त्याला कुणाचा हात लागला याचा विटाळ नाही. काम झाल्यावर काकूंनी लांबून केळीच्या पानाच्या तुकड्यावर त्यांना दही वाढलं आणि म्हणाल्या, "चाखून बघा. आमच्या दहीवाल्याच्या आईचं विरजण आहे. पाथर्डीकडचं." मी दाराशीच उभा होतो. चाचांनी बोटाने चाटलं. माझ्याकडे बघितलं नाही. "आंबट," म्हणाले आणि उठून भाता आवरायला लागले. त्यांनी मला उघडं पाडलं नाही. पाडलं असतं तर बरं, असं नंतर मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रांगेत माझा नंबर आला. चाचांनी भांडं घेतलं, आत बघितलं आणि रिकामंच परत दिलं.

"हे काय?"

"तुझ्या आईचं हाय की. लई चांगलं हाय म्हणे. माझं कशाला?"

बायका बघत होत्या. माझं डोकं फिरलं. "तुमचं नाव घेतलं असतं तर एक ब्राह्मणाचं घर ऱ्हायलं असतं का माझ्याकडं? धंदा माझा हाय, पोट माझं हाय! सांगायचंच हुतं तर त्या धनगरणीचं नाव घेतलं असतं, झालं नसतं का काम?"

"धनगरणीने मला दिलं. तुला कुणी दिलं?"

"म्हंजे तुमाला तुमचं नाव पायजे!"

"नाव घे म्हणालो होतो का मी तुला? विचारलं तर सांग म्हणालो होतो." आणि माझ्या मागच्या बाईला म्हणाले, "ये गं, भांडं दाखव."

मी ओरडून सांगितलं की या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. विरजणासाठी काय, रोजच्या दह्यातलं चमचाभर काढून ठेवलं की झालं. त्याला म्हाताऱ्याची काय गरज? आणि तसं मी चार-पाच महिने केलंही. थंडीभर छान चाललं. समोरून चाचा आले तर मी पलीकडच्या बाजूने जायचो. ते मात्र ओट्यासमोरून जाताना माझ्या गाडग्यांकडे एकदा बघत जात, तेवढ्यानेही माझा संताप व्हायचा.

फाल्गुनात ऊन चढलं आणि दही बिघडायला लागलं. आधी आंबट झालं, मग त्याला तार यायला लागली. चमचा उचलला की मधासारखी लांब तार. काकूंनी एक दिवस वाटी माझ्यासमोर आपटली. "दहीवाल्या, हे दही आहे की डिंक? पोरं पुस्तकं चिकटवतील याने!" मी दुधाला दोष दिला, उन्हाला दिला, गाडगी करणाऱ्या कुंभाराला शिव्या दिल्या. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे बघ. परीक्षा संपल्या. रविवारी मुलांना निरोपाचं जेवण आहे. साखर रेशनवर, गोडाचं काही करता येत नाही. दहीभात, कढी आणि वाटीभर घट्ट दही एवढंच करणार आहे. शनिवारी संध्याकाळी माझ्या पडवीत, माझ्या भांड्यात, माझ्या डोळ्यांदेखत बारा शेर दूध लाव. ते बिघडलं तर सोमवारी ओटा मोकळा कर."

काकू एकदा बोलल्या की घासाघीस नसायची. ओटा गेला असता तर पुन्हा पाथर्डीचा रस्ता होता. दोन दिवस मी घरोघर विरजण मागितलं. जिथे गेलो तिथे भांड्यात चाचांचंच दही. तेच त्यांच्या माघारी कसं घ्यायचं? माझ्यात राग पुष्कळ होता, पण चोरी करायची लाज होती. शनिवारी सकाळी मी रांगेत जाऊन उभा राहिलो.

नंबर आला. चाचांनी हात पुढे केला, मी पितळेची तपेली दिली. विरजण मी तिच्यातच ठेवत असे. त्यांनी ती उन्हाकडे धरली आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"पाथर्डी, इकडे ये. बघ."

तळाशी रुपयाएवढ्या जागेवर कल्हई उडून पिवळं पितळ उघडं पडलं होतं. कडेला हिरवट रेघ धरली होती. रोज बाहेरून घासत होतो. आत बघायला कुणी नव्हतं.

"तार येऊन थांबलं ते नशीब समज. हे कळकायला लागलंय. आणखी चार दिवस आणि हे दही त्या पोरांच्या पोटात गेलं असतं, तर?"

कळकलेलं ताक पिऊन आमच्याकडे एका घरातली माणसं कशी आडवी झाली होती ते मी डोळ्याने पाहिलं होतं. पस्तीस मुलं. कुणाची कुणाची लेकरं.

चाचांनी रांगेतल्या बायकांना विरजण दिलं आणि मला बसवून ठेवलं. मग खुंटीवरचा भाता काढला. कोळसे फुलवले, तपेली तापवली, आत नवसागर टाकला. पांढरा धूर उठला आणि म्हातारा असा खोकायला लागला की मी हात धरायला पुढे झालो. त्यांनी कोपराने मला ढकललं. कथलाची कांडी फिरवली, कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात आतून पुसलं. तपेलीत माझं तोंड दिसायला लागलं. नेमकं त्या वेळी मला ते बघायचं नव्हतं.

थंड झाल्यावर त्यांनी चमच्याने दही घातलं. सुपारीएवढं. ऊन तिसऱ्या पायरीच्या कितीतरी पुढे गेलं होतं.

"अट?" मी विचारलं.

"तुला पाठ हाय."

संध्याकाळी काकूंच्या पडवीत मोठ्या गंजात दूध निवत होतं. काकू उंबरठ्याच्या आत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी करंगळी बुडवली. जीव इतका त्या दुधात होता की मी मोठ्याने म्हणतोय हे माझ्या लक्षातच आलं नाही. "पीर, मंगळ, बुध, जुमेरात…"

सुपात तांदूळ फिरत होते, त्यांचा आवाज थांबला.

"काय म्हणालास?"

"दूध बघतोय, काकू."

"ते दिसतंय मला. जुमेरात म्हणालास."

मी करंगळी काढून धोतराला पुसली.

"तुझी आई जुमेरात म्हणायची?"

आमच्याकडे तसंच म्हणतात, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. माझ्या जिभेवर नेहमीच काहीतरी तयार असतं. काकूंनी सूप बाजूला ठेवलं आणि सरळ विचारलं, "विरजण कुणाचं आहे हे?"

हातात ती तपेली होती. मी म्हणालो, "चाचांचं. कल्हईवाल्या. पहिल्यापासून त्यांचंच. मधले चार-पाच महिने सोडून, पन ते बी त्यांच्यातलंच." मग म्हणालो, "माझ्या आईकडं दही कधी नव्हतं, काकू."

काकूंनी तपेलीकडे बघितलं. मग विचारलं, "दुधात घातलंस?"

"न्हाई अजून."

म्हणजे त्यांना नको म्हणता येत होतं. बारा शेर दूध होतं, उद्या पस्तीस पानं होती, आणि त्यांचा एवढ्या वर्षांचा नेम होता. मी तपेली घेऊन उकिडवा बसलो होतो. पाय सुन्न झाले तरी उठायची हिंमत झाली नाही. दूध निवत चाललं होतं. शेवटी त्याच म्हणाल्या, "इतवारला बोट सुखात हवं, असं कल्हई करताना चाचा सांगतात ना? मग बघत काय बसलायस? गार होईल. घाल." आणि उठताना म्हणाल्या, "आज माझ्याशी बोलू नकोस." मग विहिरीवर रहाट वाजला. त्या पुन्हा आंघोळ करत होत्या.

रविवारी दही असं लागलं होतं की पळीने कापावं लागलं. पंगत बसली. वाट्या वाढून झाल्या आणि काकू दारात उभ्या राहिल्या. "मुलांनो, हे दही कल्हईवाल्या चाचांच्या विरजणाचं आहे. वर्षाहून जास्त तेच खाताय. मला काल कळलं, म्हणून आज सांगते. ज्याला चालत नसेल त्याने वाटी बाजूला सरकवा. कुणी काही म्हणणार नाही." तीन वाट्या सरकल्या. त्यातली एक दुसरं वाढप आलं तेव्हा पुन्हा जागेवर आली.

काकूंनी स्वतः माझं दही पुन्हा कधी खाल्लं नाही. खानावळीचं दही मात्र कधी बंद केलं नाही, आणि ओट्याचा विषयही काढला नाही. फक्त सोमवारी मला म्हणाल्या, "यापुढे कुणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवून बस." लोक विचारू लागलेच. पोरांनी गावभर केलं होतं. मी ओट्यावर बसून दर माणसाला खरं सांगितलं, आणि आठवड्यात अकरा घरं गेली.

अकरा! मी तडक चाचांच्या दारात गेलो. "झालं समाधान? तुमच्यामुळं अकरा घरं गेली माझी!"

चाचा तांब्यातून चूळ भरत होते. "राहिली किती?"

"एकोनीस."

"मग ती तुझी. गेली ती तुझ्या आईची होती."

आलो तसा परत गेलो. पण त्या एकोणीस घरांच्या जोरावर मी पुढे दुसरी म्हैस घेतली, तिसरी घेतली, घर बांधलं. त्यातलं एकही घर मला पुन्हा कुणाला खोटं सांगून टिकवावं लागलं नाही. ही गोष्ट कबूल करायला मला फार वर्षं लागली. आज ती लिहून टाकतो.

स्वातंत्र्याच्या आधीच्या हिवाळ्यात चाचा महिनाभर तापाने पडले. आम्ही आळीपाळीने पेज नेऊन देत होतो, पण दही लावायचं कुणालाच सुचलं नाही, आणि त्यांच्या घरातलं विरजण मेलं. बरे झाल्यावर त्यांना न्यायला बीडहून जावई आला. बीड तेव्हा निजामाच्या मुलखात. आता तिकडेच राहायचं ठरलं होतं. जायच्या दिवशी सकाळी चाचा काठी टेकत माझ्या ओट्याशी आले. ज्याने सगळ्या गल्लीला दिलं तो माणूस मी पहिल्यांदाच मागायला आलेला बघितला. हातात भांडं नव्हतं, मलमलीचा धुतलेला तुकडा होता. लांबच्या वाटेला विरजण असंच नेतात. फडकं दह्यात भिजवायचं, वाळवायचं, पोचल्यावर दुधात बुडवायचं.

मी फडकं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, उन्हाकडे धरलं, वास घेतला. चाचा हसायला लागले, मग खोकायला लागले. "शिकला," म्हणाले. एवढं म्हणाले, पण ते फडक्याबद्दल. गाडग्यात बोट घालून दही चाटलं आणि म्हणाले, "आंबट."

"लांबच्या वाटेला आंबटच बरं," मी म्हणालो.

फडकं भिजवून मी ओट्याच्या कठड्यावर उन्हात पसरलं. आम्ही दोघं शेजारी बसलो. ते वाळेपर्यंत बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण मला घासाघिशीखेरीज बोलता येत नाही आणि त्या दिवशी कशाची घासाघीस करायची ते सुचेना. जावई टांगा घेऊन आला. तेवढ्यात काकू दारात आल्या. फडकं बघितलं, चाचांकडे बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी त्यांनी पदर सावरत मुद्दाम विचारलं,

"कुणाचं नेताय विरजण?"

चाचांनी वाळलेलं फडकं नीट घडी घालून छातीशी, बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. मग राहुरीच्या धनगरणीचं सांगायचे त्याच ठाम आवाजात म्हणाले,

"पाथर्डीकडे एक म्हातारी होती, तिचं. फार चांगलं लागायचं तिचं दही."

त्या माणसाला मी आयुष्यात एकदाच खोटं बोलताना ऐकलं, ते हे.